दोघांपुरता जाड तुकडा

अनंताच्या मुलीचा, रेवाचा फोन ब्रिस्टलहून सकाळी आला. "काका, बाबा गेले. झोपेतच. पीसफुल होतं." मी "बरं" म्हणालो. त्याला आता काही आठवडे झाले.

अनंत भूलतज्ज्ञ, मी शल्यचिकित्सक. उत्तर लंडनमधल्या एका इस्पितळात आम्ही वर्षानुवर्षे एकाच टेबलापाशी उभे राहिलो. तो एजवेअरला राहायचा, मी पिनरला. मी अविवाहित. शनिवारी त्याच्याकडे होणारे जेवण हेच माझे आठवड्यातले सोबतीचे जेवण.

ते गॅरेजमध्ये शिजे. घर सुमतीवहिनींचे, पूर्ण शाकाहारी, आणि देव्हारा स्वयंपाकघरातच. म्हणून अनंत ओव्हरकोट घालून, कॅम्पिंगच्या शेगडीवर बिडाचा तवा ठेवून स्टेक, म्हणजे मांसाचा तुकडा, भाजत असे. दोन पातळ तुकडे तो कधी घेत नसे. एकच जाड घ्यायचा आणि दोघांनी वाटून खायचा. पातळ तुकडा बाहेरून रंग धरेपर्यंत आतून मेलेला असतो, हे त्याचे निदान. आदल्या दिवशी मीठ लावायचे, भाजण्यापूर्वी टिपून कोरडा करायचा, तव्यातून धूर निघाल्याशिवाय टाकायचा नाही. चरबीची कड आधी उभी धरायची, मग सारखे उलटत राहायचे, शेवटी लोणी आणि लसूण. नजर मात्र हलवायची नाही. "पेशंट झोपलाय म्हणून डॉक्टरने झोपायचं नसतं," म्हणे. भाजून झाला की ताटलीत तसाच मुरू द्यायचा. मी आधीच सुरी उचलली की हातावर चापट बसे. "सर्जन लोकांना धीर म्हणून नाही!"

वहिनी दारापर्यंत येऊन कांदा-लिंबू देत. "अहो, आत करा की. मी खिडकी उघडते. चोरासारखे थंडीत काय उभे राहता?"

"तुझे देव आहेत आत."

"देवांना काही होत नाही. तुम्हाला न्यूमोनिया होईल."

तो आत जात नसे. पबमध्ये सिगारेटला बंदी आली त्या वर्षी तो खूश झाला. "बघ, आता गोरेही धूर करायला बाहेर उभे राहतात."

पुढे वहिनी गेल्या. त्यानंतर मी प्रथम जेवायला गेलो, तेव्हाही शेगडी गॅरेजमध्येच पेटलेली होती. त्याची छाती अधू झाली होती. रेवा फोनवर रागावून थकली. मीही म्हणालो, "अनंता, आता कोण बघतंय?"

"मी बघतोय ना." तुकडा उलटत म्हणाला, "तिची पूजा आता मी करतो. सकाळी त्याच ओट्यापाशी उभा असतो आणि..."

त्या हिवाळ्यात तो आजारी पडला आणि शनिवार बंद झाले. मी शनिवारी टोस्ट खाऊ लागलो. अखेर फोन केला. "माझ्या घरात देव नाहीत. तवा घेऊन ये."

"तुझ्या घरात काहीच नाही. मीठ तरी आहे का?"

तो बसने आला, तवा पिशवीत घालून. माझे स्वयंपाकघर धुराने भरले, अलार्म कोकलला, आणि टॉवेल हलवता हलवता तो खोकेपर्यंत हसला. नंतर नंतर त्याला उभे राहवेना. मग तो खुर्चीत बसून हुकूम सोडी आणि मी भाजत असे. "उलट. अरे, उलट! माणसाचं पोट उघडताना एवढा घाबरला नव्हतास..." पानगळीत रेवा त्याला ब्रिस्टलला घेऊन गेली. तवा माझ्याकडेच राहिला.

गेल्या शनिवारी मी बुचरकडे गेलो. तो सवयीने जाड तुकडा कापू लागला. मी थांबवले. एकट्यापुरता हवा, असे सांगितले. त्याने पातळ कापून दिला. घरी आलो, तवा तापवला, त्यातून धूर निघेपर्यंत थांबलो... पातळ तुकडा कसा भाजायचा, हे अनंताने मला शिकवले नव्हते.