शेवंताची घळ

शेवंताला मातीकामाची हाव सुटली आहे, असं भिलाईच्या कॅम्पातल्या बाया म्हणत. बोलायला कुणाचं काय जातं! नवरा तेजराम कारखान्याच्या उभारणीत अवजड यंत्रं दोरखंडांनी चढवणारा खलाशी, पगार वेळेवर, आणि ही बाई भर उन्हात उतई गावाच्या वाटेवरच्या घळीत बंधाऱ्याची माती वाहायला जायची.

खरं कारण एकट्या तेजरामला ठाऊक होतं. भंडाऱ्याकडून इथे आले त्याच हिवाळ्यात त्यांची तान्ही मुलगी तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. परक्या मुलखात जागा कुठली शोधायची? तेजरामने घळीच्या आत, मुरमाच्या एका उंचवट्यावर तिला पुरलं आणि वर दगड ठेवला. पुढच्या पावसाळ्यात पाण्याने तो उंचवटा अर्धा खाल्ला. शेवंता बघून आली आणि त्या दिवशी जेवली नाही. असाच आणखी एक पावसाळा, की पोरगी खालच्या नाल्यात वाहून जाणार होती.

म्हणून घळीच्या तोंडावर मातीचा बांध घालायचं निघालं, तेव्हा मजुरीला सर्वांत आधी शेवंता. माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच तो बांध होता. तिला तरी दुसरं काय हवं होतं? डोक्यावरची टोपली रिकामी झाली की ती दुरमुस हातात घेऊन माती ठोकत बसायची. मुकादम देवराव चिडवायचा, "बाई, बांध तुया घरचा हाय का?"

"हो जी, घरचाच हाय," ती म्हणायची.

बांध टिकला. माळावरून धुऊन आलेला सगळा गाळ त्याच्यामागे थांबला. पाणी ओसरल्यावर शेवंता धावतच गेली, तर घळ उरलीच नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत नुसता सपाट, मऊ गाळ. तिने इथे उकरलं, तिथे उकरलं. हात कोपरापर्यंत आत गेला, पण दगड लागला नाही.

"वाहून नाही गेली ना," तेजराम मागून म्हणाला. "इथंच हाय."

"इथं म्हनजे कुठी, सांगा."

दगड त्यानेच ठेवला होता, पण बिचाऱ्याला सांगता येईना. आणि तिने रागवावं तरी कुणावर? बांध तिच्याच हातचा होता. ती तिथेच चिखलात बसून ओक्साबोक्शी रडली.

पुढच्या वर्षी त्या गाळावर भाताची झकास बांधी, म्हणजे खाचर, तयार झाली. सगळ्या गावाला आनंद. शेजारची मैनाबाई सकाळीच दारात आली.

"चाल वं शेवंता, नाल्यावरच्या बांधीत धानाची रोवणी हाय. लोण्यावानी चिखल हाय."

"मी नाही येत."

"कावून? मातीले तर रोज पळत जायची."

शेवंता उंबऱ्यावर बसली.

"मैनाबाई," ती मग म्हणाली, "त्या चिखलात मी पाय कुठी ठेवू वं?"