उरलेले थेंब

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळीची साफसफाई चालू होती आणि मी औषधांचा डबा घेऊन बसले होते. मुदत संपलेल्या गोळ्या एका बाजूला, चालतील त्या दुसऱ्या बाजूला. काम सोपं, पण मला तारखा वाचता येईनात. पाकीट हात लांब करून धरलं, जवळ आणलं, बाल्कनीत उजेडात नेलं. आकडे नुसते राखाडी ठिपके. शेवटी नवऱ्याला हाक मारली आणि चष्मा सापडत नाही असं सांगितलं.

"मग नाकावर आहे तो कोणाचा?" तो म्हणाला आणि डब्यापाशी बसला.

तो वाचत गेला, मी वेगळं करत गेले. डोळ्यांच्या थेंबांची बाटली हातात आल्यावर तो थांबला. "हे माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं औषध. चार आठवड्यांनी बंद करायला सांगितलं होतं. फेब्रुवारीतच बंद केलं मी. ही बाटली नवीन दिसतेय."

"माझी आहे," मी म्हटलं.

"तुला कुणी दिली?"

मी पुढचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. गणपतीच्या आधीपासून ते थेंब मी रोज चार वेळा डोळ्यांत घालत होते, आणि ते मला कुणीच दिले नव्हते.

मी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात काम करते. उलव्याहून कंपनीची बस आहे. गाडीबरोबर आलेला कागद आणि कंटेनरचा नंबर जुळवून संगणकात भरायचा, हे माझं दिवसभराचं काम. नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून ठरलेला असतो, त्यामुळे मध्ये कुठे चूक झाली तर पडद्यावर लाल पट्टी येते. माझ्या पडद्यावर लाल पट्टी क्वचित यायची. ऑगस्टपासून रोज पाच-सहा यायला लागल्या. आठाचा तीन दिसायचा, सहाचा आठ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोळ्यांना मिरचीचा हात लागल्यासारखं व्हायचं, आणि चारच्या सुमाराला भुवईच्या मागे ठणका सुरू व्हायचा. वर एसीचा झोत थेट तोंडावर. ती जागा मी स्वतः एका मे महिन्यात भांडून घेतली होती.

शेजारच्या टेबलावर उरणची एक बाई बसते, माझ्याच वयाची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"ताई, सकालपासून तुज्या मशिनला कुंकूच लागतंय. पूजा हाय का काय?"

"तू नंबर वाच, मी भरते. लवकर होईल," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ती वाचायची आणि मी टाइप करायचे. कीबोर्डकडे बघायची गरज मला कधीच नव्हती. लाल पट्ट्या कमी झाल्या आणि साहेबांना काही कळलं नाही. पण ती एकदा डबा उघडता उघडता म्हणाली, "मी वाचतंय तवर ठीक हाय. मी लग्नाला गेली चार दिस, तर काय करशील? डोलं दाखव ना गो." मी तिला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय, दिवाळीनंतर बघू.

चष्म्याच्या नंबराची मला भीती नव्हती. भीती आईच्या आजाराची होती. आमच्या साताऱ्याच्या घरी आई आधी दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागली. मग बाजूला ठेवलेला तांब्या लाथाडायची. आम्ही म्हणायचो, "आई, बघून चाल की." ती समोरचं सगळं बघत होती, सुईतसुद्धा दोरा ओवत होती. बाजूचं दिसणं जात होतं आणि ते तिलाही कळत नव्हतं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा नळीतून बघावं एवढंच उरलं होतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. तेही फार वर्षं सांभाळता आलं नाही. शेवटी आई माझा चेहरा हातांनी चाचपून बघायची.

त्याच डॉक्टरांनी आम्हा भावंडांना चाळिशीनंतर दरवर्षी डोळे तपासायला सांगितलं होतं. मी आता बावन्न वर्षांची आहे. नवऱ्याच्या साखरेच्या, मुलीच्या दातांच्या, सगळ्यांच्या तपासण्या माझ्या लक्षात असतात. स्वतःच्या डोळ्यांची मी एकदाही केली नाही. तपासलं नाही तोवर काही ठरलेलं नाही, असं मनाशी धरून बसले होते. मधल्या वेळात टेबलावर एक डोळा हाताने झाकायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोपरे दिसतात का ते बघायचं. मग दुसरा. दिवसातून दहादा. दिसायचे, पण माझा विश्वास बसायचा नाही.

ऑगस्टमध्ये डोळे लाल झाले तेव्हा डब्यात नवऱ्याची अर्धी उरलेली बाटली होती. अर्धं औषध फेकणं मला जमत नाही. घातलं, आणि दोन दिवसांत लाली गेली. बाटली संपल्यावर ती रिकामी दाखवून दुकानातून दुसरी आणली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. रविवारी नवऱ्याच्या हातात होती ती तिसरी.

"उद्या जायचं," तो म्हणाला. मोठ्याने बोलला नाही, म्हणून मी जास्त घाबरले.

सोमवारी डॉक्टरबाईंनी आधी नंबर तपासला, मग हनुवटी यंत्रावर ठेवायला लावून डोळ्यांचा दाब मोजला. एकदा मोजला, कागदाकडे बघितलं, पुन्हा मोजला. तो मधला वेळ मला नको झाला.

"डोळ्यांत काही घालता का?"

"नाही."

नवऱ्याने खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी ती वाचली. "किती दिवस?"

"दोन महिने. थोडं जास्तच."

रागावण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. जळजळीचं कारण साधं होतं. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या लवायच्या कमी होतात, त्यात एसीचा वारा, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. माझ्या चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात आहे आणि पडदा डोळ्यांच्या वर, म्हणून मी मान मागे टाकून चुकीच्या काचेतून बघत होते. पडदा खाली आणा, झोत वळवा, पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करा, दर वीस मिनिटांनी लांब कुठेतरी बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. कोरडेपणासाठी साधे थेंब लिहून दिले.

"हे सगळं सुधारेल," त्या म्हणाल्या. "मला काळजी या बाटलीची आहे. यात स्टिरॉइड आहे. काहींच्या डोळ्यांचा दाब त्याने वाढतो, आणि घरात काचबिंदू असेल तर धोका जास्त. तुमचा दाब वाढलेला आहे. आजपासून हे बंद."

"थेंबांमुळे वाढलाय की आईसारखं आहे?"

"ते आज सांगता येणार नाही. डोळ्यामागची नस मला जराशी शंकास्पद वाटते. आज डोळे थकलेत. उद्या सकाळी बाजूची नजर तपासू. मग काही आठवड्यांनी दाब पुन्हा."

बसमध्ये नवरा खिडकीच्या बाजूला बसला आणि लगेच उठून ती जागा मला दिली. मी बाहेरच्या पाट्या वाचत आले. सगळ्या वाचता आल्या. पण समोरचं आईलाही बरीच वर्षं दिसत होतं.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दवाखान्यात गेले. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र होतं. तपासणाऱ्या माणसाने डावा डोळा पट्टीने बांधला, हातात बटण दिलं. "ताई, समोरच्या ठिपक्यावरच नजर ठेवा. बाजूला प्रकाश चमकला की दाबा. काही फार फिकट असतात, सगळे कुणालाच दिसत नाहीत. दिसला नाही तर दाबू नका."

सुरुवातीला भराभर दिसले. मग एक लांब पोकळी आली. काही चमकलं की नाही, सांगता येईना. थोड्या वेळात मला यंत्राचा ताल कळला. चमक, थांबणं, चमक. न बघताही बटण दाबता आलं असतं. दोन महिने ऑफिसात मी तेच करत होते आणि कुणी पकडलं नव्हतं. अंगठा बटणावर टेकलेला होता.

मी अंगठा उचलला. पापण्या एकदा नीट मिटल्या, उघडल्या, ठिपक्याकडे बघितलं. खाली उजवीकडे एक प्रकाश चमकला. दाबलं. मग काही दिसलं नाही, म्हणून दाबलं नाही.