चौथ्या भागावर रुसलेले इवाई

दोन हजार तेवीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर भातकुलीपासून अकोल्यापर्यंत नाना तऱ्हेची माणसं पाहून झाली होती. पण एका पुस्तकावर रुसून ज्याच्या तोंडची चव गेली असा माणूस एकच पाहिला, ते म्हणजे माझ्या सुनेचे वडील, माझे इवाई. मी चौथीत शाळा सोडली ती शेवंती-झेंडू लावायला, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. इवाई मात्र अकोल्याचे रिटायर हेडमास्तर. बायको लवकर गेली, तेव्हा बापलेकीनं मिळून पोरासोरांची एक गोष्ट वाचायला घेतली. ढगांवर एक शहर, तिथला राजा वारा विणतो आणि त्याची पोरगी ढगावरून ढगावर पाय टाकत हिंडते. तीन भाग दोघांनी एकाच खाटेवर बसून वाचले. चौथा निघाला तोवर पोरगी माझ्या घरी सून होऊन आली होती. तिला तो फार आवडला. इवायांना मुळीच नाही, कारण त्यात राजाची पोरगी खाली जमिनीवर उतरते आणि परत वर जातच नाही.

तेव्हापासून इवायांनी साऱ्या जिल्ह्याचं मत गोळा करायला घेतलं. मोबाइलवर पोरंपोरी त्या भागाबद्दल लिहितात, त्या प्रत्येकाला हे शुद्ध भाषेत उत्तर देत, खाली 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक' अशी सही. न्हाव्यानं साबण लावला की त्याला गोष्ट सांगून कौल मागत. वस्तरा गळ्यावर असताना भांडू नये एवढंही भान नाही. एका तेरवीच्या पंगतीत शेजारच्याला विचारलं, "तुमी सांगा, तिनं उतराले पायजे होतं का?" तो बिचारा म्हणाला, "मास्तर, बुंदी वाढून राहिले, पान सरळ करा."

आम्ही हसत होतो. पण सुनेला सातवा लागला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरच्यानंच यायचं. इवायांनी फोनवर सांगितलं, "चौथा भाग चुकला म्हण, मंग येतो." सून म्हणाली, "नाही चुकला." फोन बंद. रोज संध्याकाळी ती शेवंतीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पांढऱ्या ढगांकडे बघत राहायची. मीही अडून बसलेलो. सासऱ्यानं सून पोचवून देणं म्हणजे हात टेकणं, ते मी का करू?

शेवटी तिच्याकडून तो भाग वाचून घेतला आणि माझं मत द्यायला अकोल्याला गेलो. इवाई गच्चीवर खुर्ची टाकून आभाळ बघत बसलेले.

"मले तं काही चुकलं नाही वाटत," मी म्हणालो. "पोरीले माती आवडली, राह्यली. तुमाले कावून एवढं लागून राहिलं?"

एक मोठा ढग आमच्या डोक्यावरून इतका सावकाश चालला होता, की तो उभा आहे आणि आम्हीच गच्चीसकट वाहत चाललो आहोत असं वाटावं. त्याच्याकडेच बघत ते म्हणाले, "इवाई, सारे तिच्याबद्दल लिहितात. वर तिचा बाप एकटा वारा विणत राहिला, त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही."

मी जिना उतरलो आणि रात्रीची गाडी धरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांची तोड गड्यावर सोडली, सुनेची बॅग उचलली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

"मामाजी," ती मागून म्हणाली, "बाबा न्याले कुठं आले अजून?"

"मी नेऊन राहिलो ना," म्हटलं, आणि येणाऱ्या गाडीला हात दाखवला.