बोटभर लाट

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाईट आहे, त्याची माफी असावी. आंजी गावात आमच्या घरामागच्या मायक्रोवेव्ह टॉवरवर एक भाऊ कामाला होते. ते सगळं हातानं मापून सांगत. “रेडिओची लाट वावराएवढी लांब, टीव्हीची लुगड्याएवढी, आमची बोटभर.”

दिवाळीत मी कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली. एकही पिल्लू निघालं नाही. मी खाली बघत म्हटलं, “भाऊ, तुमच्या लाटेनं अंडी नासली.”

त्यांनी अकरा अंड्यांचे पैसे दिले. मग विचारलं, “बाई, कोंबडा कुठी हाये?”

“पोळ्याले कापला.”

ते हसले नाहीत. “गावात लाटेचं नाव काढू नका. उद्या म्हैस आटली, तरी लोक माह्याच दारात येतील.”

मी पदराची गाठ सोडून सगळे पैसे परत केले.