उसाच्या गावाहून बालाघाटात, आणि मागोमाग आलेली ग्रामसभा

बीडला जायला गावातलं कुणीच तयार नव्हतं, म्हणून मी गेले.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली आहे. गावात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नुकताच आला होता. पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या होत्या आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावात मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले होते. अशात पुण्याच्या एका संस्थेच्या वसुधाताई जीप घेऊन आल्या. त्यांच्या संस्थेचं काम मला तेव्हा जरा अजबच वाटलं. एका भागातली माणसं दुसऱ्या भागात न्यायची, तिथल्या घरांत मुक्कामाला ठेवायची आणि पाणी, जमीन, ग्रामसभा यांवर दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. भाषण नाही, प्रशिक्षण नाही, हारतुरे नाहीत. कोकणातले लोक त्यांनी विदर्भात नेले होते. आता उसाच्या पट्ट्यातल्या कुणालातरी बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात न्यायचं होतं.

आमचे सरपंच म्हणजे माझे चुलत सासरे, आबा. ते म्हणाले, "महाबळेश्वर असतं तर आमी सगळीच आलो असतो बाई. बीडला काय बघायचं?" सगळे हसले. मला त्या हसण्याचा राग आला असावा. मी म्हणाले, "मी जाते."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या. म्हणजे परवानगी मिळाली होती.

दसरा होऊन गेला होता. सांगलीहून पहाटे निघालो. जीप चालवायला बार्शीचे रफीकभाई, पुढे वसुधाताई आणि मागे मी एकटी. निघाल्यावर आणि पुन्हा पंढरपूरजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा ऊस होता, त्यामुळे आपण घरातून निघालोय असं वाटेचना. बार्शीच्या पुढे रंग उतरत गेला. येडशीला सोलापूर-धुळे रस्त्याला लागलो तेव्हा तूर, ज्वारी आणि मधूनच नुसता मुरूम दिसायला लागला. आता हा रस्ता मोठा झालाय, तुम्ही सुळकन जाल. तेव्हा समोरून ट्रक आला की एक चाक मातीत घालावं लागे आणि रफीकभाई दरवेळी "चलो, धूल खाव" म्हणत. एका धाब्यावर थांबलो. तिथे नव्या नव्या आलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकायला ठेवलं होतं. पाणी विकत घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. धाबेवाला म्हणाला, "घेतंय कोण ताई, ट्रकवाले हात लावून बघत्यात आन् ठिवत्यात."

चौसाळ्याच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट लागला आणि माझा मूड बदलला. घाटात बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. तुम्ही दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत गेलात तर इथे गाडी थांबवाच. डोळे उघडलेलं, पण अजून टणक असलेलं फळ घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं. मऊ घेतलंत तर मांडीवरच फुटेल. माझ्या मांडीवर फुटलंच. साडीवरचा तो डाग नंतर गेलाच नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

तिथून लिंबागणेशच्या रस्त्याला वळलो. गणपतीला नमस्कार करून आत निघालो. पुढे डोंगराच्या पोटात आमचं मुक्कामाचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, लोक अजून तिथेच राहतात. माझा मुक्काम रुक्मिणबाईंकडे होता. वयानं माझ्याच बरोबरीच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. त्याही राखीव जागेवर निवडून आलेल्या पंचायत सदस्य होत्या. नवरा-बायको दोघंही दरवर्षी ऊस तोडायला बाहेर जायचे. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं. त्यांनी चुलीवर धपाटे लावले आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं म्हणलात?"

मी सांगितलं.

"नदीच्या वळणावर म्हसोबाचं देऊळ हाय, ते?"

"हो."

"मंग ओढ्याच्या अलीकडं चिंचा हायत. तिथंच आमची टोळी उतरती. दोन वर्सं झाली." त्यांनी धपाटा उलटला. "तुमची गिरणी लई बारीक दळती. भाकरी थापाया बरं पडतं."

मग आम्ही दोघी हसलो, आणि त्यांनी आमच्या गावातल्या एकेका माणसाची चौकशी सुरू केली. गिरणीवाल्याची सून बाळंत झाली का, शाळेपुढची विहीर बुजवली का. बीड जिल्ह्यात बसून मी माझ्याच गावाच्या बातम्या सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला पाझर तलाव दाखवायला घेऊन गेल्या. तलाव छोटा, पण भरलेला. कडेला बगळे होते. तलावाखाली गावाची विहीर. तलावात पाणी असलं की विहिरीला पाणी, एवढं साधं गणित. पण तलावालगतच्या रानांत काही जणांनी नवी बागायत धरली होती आणि त्यांना तलावावर मोटारी बसवायला पंचायतीची परवानगी हवी होती. विषय प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत यायचा होता.

"तवा तुमी कुठं असणार?" मी विचारलं.

"तुमच्या चिंचाखाली," रुक्मिणबाई म्हणाल्या. "निम्मं गाव तिकडं असतं. माघारी येतो तवर विहिरीचा तळ दिसतो. मागल्या उन्हाळ्यात आल्या आल्या लेकरांना घेऊन दुसऱ्या वाडीवर पाण्याला गेलतो."

दुपारचं जेवण सरपंचांकडे होतं. सरपंच अप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि घरापुढेच किराणा दुकान. त्यांच्या घरची येसर आमटी मी आजही विसरलेले नाही. पातळ, काळपट, तिखट. भाकरी कुस्करून ती वरून ओतायची आणि बोलणं बंद ठेवून खायचं. अप्पांनी स्वतः वाढलं. माणूस गोड होता. गावात कुणाकडे मयत झाली की आठवडाभराचा शिधा दुकानातून गुपचूप पोचता व्हायचा, असं रुक्मिणबाईंनीच मला सांगितलं होतं. मोटारी मागणाऱ्यांत अप्पांचा धाकटा भाऊ होता, हेही त्यांनीच सांगितलं.

उन्हं कलल्यावर शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. वसुधाताईंची एकच अट होती: पाहुण्यानं सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. आधी त्यांनी मला विचारायला सांगितलं. मी नदीचं, उसाचं, पाळीपाळीनं सुटणाऱ्या पाण्याचं काहीबाही विचारलं. लोकांनी मलाही विचारलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडं एवढं पाणी हाय, तर जमिनी खारवट कावून झाल्या?" आमच्याकडे पाणी जास्त झाल्यानं जमिनी फुगून पांढऱ्या पडत होत्या, ते त्यानं ऊस तोडायला आल्यावर फडात बघितलं होतं. मी म्हटलं, "आमाला थांबता आलं न्हाई म्हणून."

मग रुक्मिणबाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला. "अप्पा, मला एक इचारायचंय. मला निवडून दिलं. पर निम्मं वरीस मी हितं न्हाई. तलावाचा इषय आमी असताना कावून घेत न्हाई?"

अप्पा म्हणाले, "बाई, सभेचा दिवस मी ठरिवलेला न्हाई. सरकारनं ठरिवलाय."

"मंग आधी एक घ्या."

मागून अप्पांचा धाकटा भाऊ म्हणाला, "आधी आन् मंग काय? जे गावात ऱ्हात्यात त्यांनी ठरवावं. तुमी तर पाव्हणे."

रुक्मिणबाई खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत, पण हात पदरात घट्ट धरले होते. त्यांच्या नवऱ्यानं, नामदेवनं, मान खाली घातली. मला माझ्या गावात कुणी पाहुणी म्हणालं असतं तर मी काय केलं असतं, हे मनात येऊन गेलं आणि मी न ठरवताच बोलून गेले, "सभेला थांबता येत न्हाई, तर सभेला यायला येतं का?"

कुणाला कळलं नाही. मला तरी कुठे नीट कळलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे, तुमची निम्मी माणसं आमच्या गावात असत्यात. अप्पा तिथं आले तर?"

लोक हसले. भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसला. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि विषय बदलला. बैठक संपली. वसुधाताई मला एवढंच म्हणाल्या, "प्रश्नच होता तो. नियमात बसतो."

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी रुक्मिणबाई मला कपिलधारला घेऊन गेल्या. शिवभक्तांचं मोठं ठिकाण आहे. दरीत उतरून गेलं की धबधबा. पावसानंतरच्या महिन्यांतच जा, उन्हाळ्यात नुसता खडक भेटतो. पायऱ्या निसरड्या असतात, चपला हातात घ्या. आम्ही दोघी तुषारांत उभ्या राहिलो. पाण्याच्या आवाजात त्या काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. बरं वाटलं तुमी आलात ते."

वर आलो तर अप्पा जीपजवळ उभे. दुकान बंद करून आमच्यामागे आले होते. माझ्या हातात सीताफळांची पाटी दिली आणि म्हणाले, "तुमच्या गावाला एसटी कुठून मिळती?"

ते खरंच आले. संक्रांत झाली होती. बीडहून सोलापूर, सोलापूरहून सांगली, अशा एसट्या बदलत, सोबत ग्रामसेवकाला घेऊन. चिंचांखाली टोळीच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या. टोळी फडातून आली तेव्हा अंगाला पाचटाची कुसं चिकटलेली. अप्पा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसले. ग्रामसेवक अस्वस्थ होता. "अप्पा, ही सभा धरता यायची न्हाई. गावाच्या हद्दीबाहेर हाय."

"धरू नका," अप्पा म्हणाले. "मी ऐकाया आलोय."

आणि लोक बोलले. आधी पुरुष, मग बायका, मग सगळेच एकदम. मोटारी नकोतच असं कुणीच म्हणालं नाही, याचं मला नवल वाटलं. महाशिवरात्रीपर्यंत चालवा, त्यानंतर उरलेलं पाणी विहिरीला ठेवा, एवढंच मागणं होतं. नामदेव शाळेच्या ओसरीवर एक शब्द बोलला नव्हता. इथे म्हणाला, "अप्पा, आमी हितं पैशापायी हावोत. गाव सोडलेलं न्हाई." अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चहाला मी अप्पांना आणि रुक्मिणबाईंना आमच्या पंचायतीत नेलं. आबा होतेच. पाहुण्या सरपंचाचा मान म्हणून आबांनी खुर्ची दिली, नारळ दिला. बोलता बोलता रुक्मिणबाईंनी आबांना विचारलं, "आमी निम्मं वरीस तुमच्या हद्दीत असतो. मंग त्या निम्म्या वर्साला आमी कुणाच्या गावचे?"

आबांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाले, "हितलेच की." पुढच्या हंगामाला टोळी आली तेव्हा चिंचांखाली नळाची तोटी होती. ठराव मी मांडला होता, पण हात सगळ्यांत आधी आबांनी वर केला.

तिकडे प्रजासत्ताक दिनाच्या सभेत अप्पांनी टोळीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मोटारींना महाशिवरात्रीपर्यंत मुदत ठरली. भाऊ पावसाळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. त्या उन्हाळ्यात टोळी घरी परतली तेव्हा विहिरीत पाणी होतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र सांगत नाही. पुढच्या वर्षी दोन मोटारी मुदतीनंतरही चालल्या आणि भांडण झालं. काही वर्षांनी वसुधाताईंच्या संस्थेचा तो कार्यक्रमही बंद पडला. पैसे देणाऱ्यांना म्हणे दिसण्यासारखं काम हवं होतं. मी नंतर पुष्कळ फिरले. काशी झाली, मुलीकडे परदेशात जाऊन आले. फोटोंचे अल्बम भरलेत. बीडच्या सहलीचा एकही फोटो नाही, पण कोणती सहल कामाला आली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगते. तुम्हाला त्या भागात जायचं असेल तर कपिलधार बघा, सीताफळं खा, आणि जमलं तर एखाद्या घरी राहा. हॉटेलात उतरले असते तर मला फक्त घाट दिसला असता.

मोटारींच्या भांडणानंतरच्या हंगामात पुन्हा जानेवारीची सभा आली. या वेळी टोळीनं वेगळंच ठरवलं. रुक्मिणबाईंच्या वाटणीचा ऊस बाकीच्यांनी तोडायचा आणि त्यांनी सभेला गावी जायचं. मी त्यांना सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेले. त्यांनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. पिशवीत आमच्या गिरणीचं पीठ. गाडी सुटायला आली तेव्हा मी खिडकीशी जाऊन विचारलं, "काय बोलायचं ठरिवलंय?"

"ते तिथं गेल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "आधी जाऊन खुर्चीत तर बसते."