साळूबाईच्या हातची बिडी

साळूबाई माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. शेत आमचं आणि त्यांचं सारखंच, घरंही भिंतीला भिंत लावून. रूपानं ती माझ्यापेक्षा काही उजवी नाही, आणि स्वभावाचं तर विचारूच नका. तरी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून संध्याकाळी तिच्या ओट्याकडे नजर गेली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. कारण काय, तर एक बिडी.

आमच्या अकोले तालुक्यात बायकांना बिड्या वळण्याचं काम नवीन नाही. कारखान्याच्या शाखेतून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू घरी आणायची, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कातरायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिड्यांच्या जुड्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथला तपासनीस जुडी चाचपतो आणि सैल बिडी दिसली की बाजूला फेकतो. आता तरुण मुली या कामाला बसत नाहीत. पाठ जाते म्हणतात, आणि खरंच जाते. साळूबाई मात्र आईच्या सुपाशी बसून शिकली ती अजून वळतेच आहे, आणि तिची जुडी तपासनीस न चाचपताच घेतो.

माझे थोरले दीर छगनदादा. शांत माणूस, शेत भलं आणि गुरं भली. जेवण झालं की ते ओट्यावर येऊन बसायचे. मग साळूबाई हात पुसत बाहेर यायची, सुपातलं एक चांगलं पान निवडायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याचे वेढे द्यायची आणि बिडी त्यांच्या हातात ठेवायची. ते ओढायचे आणि ती शेजारी बसून दातांना मिश्री लावायची. लग्नाला, बाजाराला, कुठेही गेले तरी दादांच्या खिशात तिच्या बिड्या असायच्या. कुणी आपली बिडी पुढे केली तर खिशावर हात ठेवून म्हणायचे, "नगं, घरची हाय."

घरची हाय! हे दोन शब्द ऐकले की माझा तिळपापड व्हायचा. आमचे हे, पुंजाराम, तंबाखू खातात. डबी त्यांची, चुना त्यांचा, मळायचा हात त्यांचा, आणि पिचकारी मारायला जागाही त्यांचीच ठरलेली. त्यात माझं काम एवढंच की ती भिंत पुसायची. बिडी वाईट, तंबाखू वाईट, मिश्रीही वाईट, हे मी माझ्या अंगणवाडीत पोरांच्या आयांना सांगते. सगळं खरं आहे. पण नवऱ्याला दुसऱ्या कुणाच्या हातची चव चालत नाही, हे भाग्य एका बिडीपायी माझ्या जावेला मिळावं आणि मला मिळू नये, याचा राग यायचा तो यायचाच.

मागच्या दिवाळीनंतर दादांचा खोकला वाढला. बांधावर चढताना धाप लागायला लागली. मीच मागे लागून त्यांना संगमनेरला मोठ्या दवाखान्यात नेलं, साळूबाईही सोबत होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि स्पष्टच सांगितलं की बिडी आजपासून बंद, नाहीतर हा माणूस फार दिवस तुमच्याजवळ राहणार नाही. साळूबाईने पदर तोंडाला लावला. एस.टी.तून येताना ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि उतरताना नवऱ्याला म्हणाली, "आजपासून माझ्या हातची एकबी बिडी मिळायची न्हाई तुमाला."

दादा म्हणाले, "बरं."

ओढणार नाही, असं काही ते म्हणाले नव्हते, हे मला फार उशिरा सुचलं.

साळूबाईने मात्र ते 'बरं' गावभर मिरवलं. नळावर, गिरणीत, भजनाला, जिथे बायका भेटतील तिथे एकच. "आमच्या मानसानं माझ्या एका शब्दावर सोडली. इतक्या वर्षांची सवय, पन एक शब्द!" मग माझ्याकडे वळून, "पुंजारामभाऊजींना तू सांगून बघ की." मी सांगून बघितलंच होतं. हे ऐकून घ्यायचे आणि डबी उघडायचे. म्हणजे बिडी द्यायची तेव्हाही तीच वरचढ, आणि बिडी सोडवायची तेव्हाही तीच. दादांची तब्येत सुधारावी असं मला मनापासून वाटत होतं, पण तिचा तो तोरा काही बघवत नव्हता.

एका सकाळी ती धुण्याची बादली तशीच टाकून माझ्या दारात आली. मूठ आवळलेली. दार लोटून घेतलं आणि मूठ उघडली. आत अर्धी ओढून विझवलेली बिडी होती.

"त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घावली."

"अगं बाई! म्हणजे दादा अजून ओढतात?"

"वढली तर वढली," ती म्हणाली, "पन कुनाची वढली? ही माझ्या हातची न्हाई."

मला आधी कळेचना. तिने कमरेची पिशवी उघडून स्वतःची एक बिडी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तिचा दोरा कुठे बसतो, तिचे वेढे कसे पडतात, तोंड कसं दाबलेलं असतं, हे ती मला दाखवत होती. "दुकानातली बी न्हाई ही. दुकानातल्या बिडीला कंपनीच्या नावाचा कागद असतो. ही कुन्या बाईनं घरी वळून दिलीया. माझ्या मानसाला."

मी डॉक्टरांची आठवण दिली, फुप्फुसांची आठवण दिली. तिला त्यातलं काही ऐकूच गेलं नाही. नवऱ्याने दुसऱ्या बाईशी चार शब्द बोलावेत, हे ती एक वेळ सहन करील. पण दुसरीच्या हातची बिडी! ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. खरं सांगते, तिला रडताना बघून मला जरा बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं.

संशय घ्यायला तिला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या शेताच्या वाटेवर ठकूबाईचं घर आहे. नवरा वारलेला, मुलगी सासरी, बाई हसतमुख आणि हाताला भारी चलाख. शाखेत साळूबाईच्या बरोबरीने कुणाच्या जुडीला मान असेल तर तिच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला "पानी प्या" म्हणायची तिला सवय. दादा रोज गुरं घेऊन तिच्या दारावरूनच जातात. साळूबाईला एवढं पुरे होतं.

मग सुरू झाली पाळत. दुपारची भाकरी दादा स्वतः घेऊन जायचे, ती आता साळूबाई पोचवायला लागली आणि जाता-येता ठकूबाईच्या अंगणात डोळे फाडून बघायला लागली. दादा घरी आले की सदरा हातात घ्यायचा आणि हुंगायचा. आमटीत मीठ पडलं तर दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. दादा मुकाट्याने जेवायचे, खोकायचे आणि अंगणात चकरा मारायचे. सुप्याला कंपनीत कामाला असलेला तिचा मुलगा बिभीषण सुट्टीला आला होता. तो मला विचारत होता, "काकू, आईला झालंय काय?"

एकदा मी तिला म्हटलं, "आक्का, सरळ दादांनाच विचार ना."

"त्यांना इचारू? आन् ते व्हय म्हनले मंग?"



शाखेशेजारीच माझी अंगणवाडी आहे. त्या दिवशी पोरांना खिचडी वाढत होते तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. मदतनीस बाईच्या हातात पळी देऊन धावले. साळूबाई भर शाखेत ठकूबाईसमोर उभी, बायका गोल करून भोवती, तपासनीस जुडी हातात धरून तसाच बसलेला.

"ही बिडी तू दिलीस का न्हाई माझ्या मानसाला?" साळूबाईने ती अर्धी बिडी तिच्या नाकासमोर धरली होती.

मला वाटलं, आता ठकूबाई रडणार, नाहीतर शिव्या देणार. विधवा बाईवर चारचौघांत असा आळ घेणं म्हणजे काय, ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. ठकूबाईने ती बिडी हातात घेतली, उलटीपालटी केली, उजेडात धरली, आणि तिचं तोंड लालबुंद झालं.

"ही? ही माझी बिडी?" ती ओरडली. "साळू, तुझं डोळं फुटलं का गं? हिचा येढा बघ. हिचं तोंड बघ, निम्मी तंबाखू सांडलीया. असली बिडी मी वळली असती तर ह्या तपासनीसांनी मला कवाच घरी बसवलं असतं! दुसरं काय बी बोल, ऐकून घीन. पन ही घाण माझ्या नावावं लावू नकु!"

बिडी हातोहात फिरली. प्रत्येकीने बघितली, प्रत्येकीने नाक मुरडलं. तपासनीसाने चष्मा सारून म्हटलं, "शिकाऊ हात हाय हा. पहिल्या-दुसऱ्या महिन्यातला." बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

जन्मभर बिडी वळणाऱ्या साळूबाईला हे दिसलं नव्हतं! दुसऱ्या कुणी दाखवली असती तर लांबूनच म्हणाली असती की हे पोरासोराचं काम आहे. पण तिच्या डोक्यात ठकूबाई बसली होती, आणि ठकूबाईच्या हातचं ते सुबकच असणार. मत्सराने माणूस स्वतःचा धंदा विसरतं, हे मी तेव्हा बघितलं.

ती जुड्या तिथेच टाकून निघाली. एरवी नवी पानं घेऊन ती घरी पोचेपर्यंत दुपार व्हायची. मी तिच्यामागे निघाले. वाटेत ती थांबली, माझा दंड धरला. "शिकाऊ म्हंजी तरनी असंल गं," ती म्हणाली. "आजकाल तरन्या पोरी शिकत न्हाईत. मंग ही कोन नवी शिकतीया त्यांच्यासाठी?" तिच्या डोळ्यांत आता ठकूबाईपेक्षा मोठी भीती होती. मला हसूही येईना.

आम्ही अंगणात शिरलो. पडवीत दादा बसले होते. मांडीवर साळूबाईचं सूप. समोर कातरून उरलेले पानांचे तुकडे, हातात एक अर्धवट वळलेली बिडी आणि दाताखाली दोऱ्याचं टोक. आम्हाला बघून त्यांनी दोरा सोडला. बिडी उलगडली आणि तंबाखू सुपात सांडली.

दादाच बोलले, खाली बघत, चोरी पकडलेल्या पोरासारखे. "तू देईनास. दुकानातली वढून बघितली, ती काय जाईना घशाखाली. म्हनलं तू रोज वळती ती बघतुयाच की. आपुनच वळावी, तुझ्यावानी. पन जमंना."

बाई नव्हती. कुठलीच बाई नव्हती! आता साळूबाई हसेल, मग रागावेल, मग आम्ही दोघी मिळून दादांना झापू आणि बिडीचा हा नाद एकदाचा संपवू, असं माझ्या मनात आलं.

साळूबाई हसली नाही. तिचा चेहरा शाखेत झाला होता त्याहून पडला. "म्हंजी शिकून घेतलं असतं तुमी," ती हळूच म्हणाली. "हात बसला असता तुमचा. मंग माझी बिडी बी नगं, आन् मी बी नगं."

"तसं न्हाई गं."

"कसं न्हाई? बाई असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या मी. आता कुनाशी भांडू?"

दादांना खोकला आला. ती त्यांच्यासमोर बसली, सूप त्यांच्या मांडीवरून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्यांचे ते वेडेवाकडे तुकडे फुंकरीने उडवून लावले. पिशवीतून एक अख्खं पान काढलं.

"आक्का," मी म्हटलं, "काय करतेस? डॉक्टर काय म्हणाले, ते विसरलीस?"

तिने पान कातरलं, तंबाखू भरली, वळली, वेढे दिले, तोंड दाबलं. तिची बोटं मी इतक्या सावकाश चालताना कधी बघितली नव्हती.

"आक्का, तू मारशील त्यांना!"

"मारीन," ती म्हणाली. मान वर केली नाही. "पन मीच मारीन."

तिने बिडी पुढे केली. दादांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि घेतली. काडी तिनेच ओढली. पहिला धूर आत गेला तसे त्यांचे डोळे मिटले आणि ते म्हणाले, "हिला म्हनायची बिडी." साळूबाईचा चेहरा नव्या नवरीसारखा खुलला. मी दारात उभी राहून मनात संतापत होते आणि, देवा, त्याही वेळी मला तिचा हेवा वाटत होता.

मग त्यांना उबळ आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साळूबाई एका हाताने त्यांची पाठ चोळत होती, आणि दुसऱ्या हाताने पिशवीतलं पुढचं पान चाचपत होती.