बेटांच्या राजाचं पान

आधीच सांगते, मी सिडनीत, वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... हा माझा खाक्या.

बाबा साताऱ्याला इतिहासाचे मास्तर. स्कोफिल्ड्सला आमच्याकडे राहायला आले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या इयनशी त्यांची गट्टी जमली. इयन मूळचा स्कॉटलंडचा. रोज दुपारी कुंपणापाशी चहा, आणि मी दुभाषी! बाबा किल्ले सांगायचे, इयन त्याच्या कुळाचा जुना सरदार... बेटांचा राजाच म्हणे. स्कॉटलंडच्या राजाच्या पाठीमागे इंग्लंडशी गुप्त करार केला, तो फुटला. पोटचा मुलगा उलटला, मुलुख गेला, शेवटी भाड्याच्या खोलीत मेला.

"अरेरे! मग त्याचं पान कोण वाढतं?" बाबा हळहळले. "सांग इयनला, सर्वपित्रीला आपण वाढू."

किती हसले होते मी! हसत हसतच इयनला सांगितलं.

बाबा परत गेले आणि काही महिन्यांत वारलेच. मी वेळेवर पोचले नाही. वर्षश्राद्ध भावाने केलं. यंदा सर्वपित्रीला मीही बॅकयार्डमध्ये पान ठेवलं. भात, आमटी, वडे, खीर.

कावळा कुंपणावर बसला, पण शिवेना. तासभर! विश्वास न ठेवणारी मी, हात जोडून वचनं देत सुटले... आईला इकडे आणते, तुमची पुस्तकं जपते, दादाशी भांडणार नाही. कावळा ढिम्म. बाबा माझ्यावर रागावलेत, असं वाटून रडूच फुटलं.

इयन कुंपणावरून डोकावला. "व्हॉट्स राँग, लव्ह?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "अँड द चीफ? युअर डॅड प्रॉमिस्ड हिम अ प्लेट."

साफ विसरले होते! धावत दुसरं पान वाढून आणलं. इयनने टोपी काढून राजाचं नाव घेतलं... आणि कावळा उतरला. सरळ दुसऱ्या पानावर. तिथे दोन घास खाऊन मगच बाबांच्या पानाकडे वळला.

"आमच्यातल्या कुणी त्याला कधी जेवायला बोलावलं नव्हतं," इयन इंग्रजीत एवढंच म्हणाला, आणि डोळे पुसत आत गेला.

कुणाकडे शास्त्रीय कारण असेल तर जरूर सांगा. मला अजून सापडलेलं नाही. फक्त एवढं माहीत आहे, की पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाबा कधी जेवत नसत. ते माझ्यावर रागावलेले नव्हते... पाहुण्यासाठी खोळंबले होते.